तोच तांब्या, अकरा महिन्यांनी: टिळकवाडीतल्या वर्षभराच्या चित्रकला वर्गाचं परीक्षण

बेळगावात चित्रकलेच्या वर्गांना तोटा नाही. उन्हाळी सुट्टीत तर गल्लोगल्ली फलक लागतात. त्यातले बहुतेक महिन्या-दीड महिन्याचे असतात, आणि शेवटच्या दिवशी मूल घरी एक फ्रेम करण्याजोगं चित्र आणतं, ज्यातला निम्मा हात सरांचा असतो. इथे ज्याबद्दल लिहितो आहोत तो वर्ग जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर चालतो. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी, दोन-दोन तास. दहा वर्षांपुढची मुलं; मोठ्यांची बॅच वेगळी. मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची मुलं शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे 'सावली' म्हटलं की पाठोपाठ 'नेरळू' येतंच. वर्गाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही: खाली तक्रारीही आहेत, आणि निकष महत्त्वाचे, ते तुम्ही दुसऱ्या कुठल्याही वर्गाला लावू शकता.

निकाल आधीच सांगतो: पाठवा. पण चित्रांसाठी पाठवू नका, वहीसाठी पाठवा.

ही वही म्हणजे ए-४ आकाराची, जाड कार्ट्रिज कागदाची, साधी शिवलेली. नियम तीन. प्रत्येक पानावर तारीख. पान फाडायचं नाही. आणि रबर पहिले दोन महिने घरी ठेवायचा. तिसऱ्या नियमावरून पालकांची कुरकुर दरवर्षी होते, कारण वही घाण दिसते. पण रबर हातात असला की मूल चुकीची रेघ पुसतं आणि त्याच जागी पुन्हा तीच रेघ काढतं. रेघ कागदावर राहिली तर दुसरी तिच्या शेजारी पडते, आणि कुठली बरोबर ते डोळ्यांना दिसतं.

पहिल्या रविवारी प्रत्येकासमोर एकच वस्तू: घरून आणलेला पितळेचा तांब्या, बाकावर, डावीकडून खिडकीचा उजेड. काही न शिकवता काढायला लावतात. चाळीस मिनिटं. कागद जमा होतो आणि सरांकडे राहतो. हाच तांब्या त्याच जागी, त्याच उजेडात, एप्रिलमध्ये पुन्हा येतो. मधल्या काळात काय झालं ते त्या दोन कागदांत मोजता येतं.

जूनच्या कागदावर काय असतं ते जवळजवळ ठरलेलं आहे. तोंड लांबट डोळ्यासारखं, दोन्ही टोकांना कोपरे. बूड सरळ रेघेने कापलेलं. एक बाजू दुसरीपेक्षा फुगलेली. छटा म्हणजे पेन्सिल आडवी करून बोटाने पुसलेली राखाडी. यातल्या प्रत्येक चुकीचं कारण वेगळं आहे, आणि वर्गाची खरी ताकद अशी की कारणं वेगवेगळी शिकवली जातात.

तोंड आणि बूड दोन्ही गोलच, पण डोळ्याच्या पातळीखाली वस्तू जितकी खाली तितका गोल अधिक उघडा दिसतो. म्हणून बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा नेहमी अधिक फुगीर. मुलं उलट करतात, कारण 'बूड बाकावर टेकलेलं आहे, म्हणजे सपाट' हे डोक्यातलं ज्ञान डोळ्यावर मात करतं. उपाय म्हणून मधला उभा अक्ष आधी काढायचा, त्याला काटकोनात आडव्या रेघा, मग चारही बिंदूंतून हात न उचलता लंबगोल, चारपाच वेळा एकावर एक. टोकाला कोपरा आला की समजायचं, मनगट फिरलं, खांद्यातून हात फिरला नाही. माप घेताना पेन्सिल धरलेला हात कोपरातून सरळ. कोपर जरा जरी वाकला की प्रत्येक मापाला पट्टी बदलल्यासारखं होतं. दोन्ही बाजू सारख्या न येण्याचं निम्मं कारण हेच.

छटांसाठी नऊ चौकोनांची पट्टी. एचबी, २बी, ४बी, ६बी अशा चार पेन्सिली पुरतात. बाराच्या डब्याची गरज नाही. बोट फिरवणं बंद. बोटाचं तेल कागदाच्या दाण्यात बसतं, वर ६बी घासली तरी गडद चढत नाही, चकाकते फक्त. गडद हवा असेल तर रेघांवर रेघा, दिशा बदलून. हे पाच आठवडे कंटाळवाणे जातात, खोटं कशाला सांगा. जुलैच्या मध्यावर दोन-तीन मुलं सोडतात.

तोवर बेळगावचा पाऊस रंगात आलेला असतो आणि कागद सादळलेला. हवेतली ओल शोषून कार्ट्रिज लवतो, पेन्सिलीची रेघ खरवडत नाही, घसरते. वर्गाने यासाठी वेळापत्रकच तसं लावलंय: जलरंग पावसात नाहीत, पावसात माती.

शाडूचा गणपती हा वर्षातला सर्वांत चांगला प्रकल्प. चतुर्थीच्या किमान पाच आठवडे आधी सुरू करतात. आमच्या दमट हवेत तीन आठवड्यांत मूर्ती वाळत नाही. नऊ इंचांच्या मूर्तीला साधारण अडीच ते तीन किलो शाडू. माती आदल्या रात्री भिजवायची, मग भाकरीच्या पिठाइतकी होईपर्यंत मळायची. हाताला चिकटत नाही आणि वाकवली तर भेगाळत नाही, हे माप. पाट, बैठक, पोट, छाती एकाच गोळ्यातून वर चढवायची. हात, पाय, सोंड, कान नंतर.

मोडतं ते बहुतेक इथे. मूल हात वेगळा वळतं, ओल्या बोटाने खांद्याला दाबून लावतं, आणि आठव्या दिवशी हात पाटावर पडलेला. जोड लावायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग कोरणीने खरवडायचे, दुधाच्या सायीइतकी पातळ माती मध्ये लावायची आणि मगच दाबायचं. त्याहून मोठं कारण ओलाव्यातला फरक: धड आदल्या रविवारी केलेलं, निम्मं वाळून आकसलेलं, हात आजचा, ओला, तो अजून आकसायचाय. जोड ओढला जातो आणि तुटतो. म्हणून आठवडाभर धड ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये. काही पालक मजबुतीसाठी आत तार घालायला सांगतात. मुळीच घालू नका. माती आकसते, तार आकसत नाही, त्यामुळे बरोबर तारेच्या रेघेवर तडा जातो. सोंडेसाठी आधार हवाच तर ती छातीला टेकवून वळवायची, कारागीर तेच करतात.

पोट खालून पोखरून भिंत दोनेक सेंटिमीटर ठेवायची. भरीव राहिलं तर बाहेरचं कवच आधी वाळतं आणि आतल्या ओल्या गाभ्यावर ताणून फाटतं. पंख्याखाली ठेवणं म्हणजे तड्याला आमंत्रण. वाळलं की नाही ते गालाला लावून बघायचं: गार लागलं तर आत ओल आहे, रंग द्यायचा नाही. यंदाच्या बॅचमध्ये या एका परीक्षेवर घाई केल्याने बऱ्याच मूर्तींवरचा पांढऱ्या रंगाचा थर पापुद्र्यासारखा सुटला, आणि वर्गाने ते वहीत लिहूनही घेतलं. खडूची पूड आणि पातळ डिंकाचा हात, वर गेरू आणि पाण्याचे रंग, बस्स. सोनेरी स्प्रे आणू देत नाहीत, हे फार बरं.

मातीचा विषय निघालाच आहे तर: खानापूरकडची कौलांची आणि कुंभारकामाची माती गावाजवळ असताना वर्षभरात कुंभारकामाचा एकही दिवस नाही, हे कळत नाही. चाक नको, नुसता वळ्यांचा गडू केला असता तरी जूनच्या तांब्याचा पोकळपणा हाताला कळला असता.

ऑक्टोबरमध्ये गाडी अडखळते. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, घरचे पाहुणे मात्र दिवाळीला, आणि अर्धा वर्ग किल्ले बांधण्यात गुंतलेला. वर्ग किल्ल्याला प्रकल्प म्हणून गुण देतो, पण शिकवत काही नाही.

पाऊस ओसरल्यावर रंग येतात. इथे शिकवणं पुन्हा जोरात. पहिला धडा जांभळ्याचा. रंगपेटीतला लाल आणि निळा मिसळून जांभळा का येत नाही, चिखलच का येतो? कारण पेटीतला लाल बहुधा शेंदरीकडे झुकलेला, म्हणजे त्यात पिवळ्याचा अंश. निळ्याशी पिवळा भेटला की तीन मूळ रंग एकत्र, म्हणजे मातकट. क्रिमसन लेक (गुलाबीकडे झुकलेला लाल) आणि अल्ट्रामरीन (जांभळ्याकडे झुकलेला निळा) घेतले की स्वच्छ जांभळा. हे एकदा हाताने करून पाहिलेलं मूल काळी ट्यूब उघडायला कचरतं. झाडाच्या सावलीला काळा घालणाऱ्याला सर लांबूनच म्हणतात, 'काळा ठेव की रे बाजूला, निळा आणि बर्न्ट सिएना घे.' (बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी.) त्या दोघांतून जो गडद येतो तो जिवंत असतो. निळा वाढवला की गार, सिएना वाढवला की ऊबदार. जांभ्याच्या कुंपणाची उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू या दोनच ट्यूबांत निघते.

सपाट वॉशसाठी, म्हणजे पातळ रंगाच्या एकसारख्या थरासाठी, बोर्ड पंधरा अंशांवर तिरका, खालच्या कडेला रंगाचा थेंब सतत भरलेला, आणि तो थेंब पुढच्या पट्ट्यात ओढत न्यायचा. बिघडतं ते अर्धवट वाळलेल्या वॉशला परत हात लावल्याने. ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर ते रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. एकतर चकाकी असेतोवर पुरं करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या. वर्गाच्या यादीत १४० लिहिलंय, स्वस्त पडतं म्हणून, पण तो चार बाजूंनी कागदी गमटेपने ताणून लावल्याशिवाय लवतोच, आणि ताणायला वर्गात वेळ कुणाकडे आहे? पूर्ण इम्पीरियल ताव २२ बाय ३० इंचांचा. त्याचे चार तुकडे केले की वर्षाला सहा ताव पुरतात. तयार पॅडपेक्षा हे स्वस्त.

डिसेंबर-जानेवारीत बाहेर. हवा कोरडी, सकाळचं ऊन तिरकं, सावल्या लांब. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेलं जैन मंदिर, हे पहिलं ठिकाण. मंडपाच्या छताला कोरलेलं कमळ खालून वर पाहून काढायचं असतं. मान दुखते म्हणून मुलं फोटो काढून त्यावरून काढतात. सर हाणून पाडतात आणि बरोबरच आहे. फोनची लेन्स रुंद असते, कडेच्या पाकळ्या ताणल्या जातात. याच रेखाटनावरून पुढे वर्तुळाकार संकल्पचित्र करतात, त्यामुळे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेतला संकल्पचित्राचा पेपर पाठ केलेल्या नक्षीतून सुटतो.

दुसरं ठिकाण कौलारू घरांची गल्ली. दोन बिंदूंचं यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) पुस्तकात सगळेच शिकवतात. इथे एक गोष्ट नीट शिकवली. त्रिकोणी भिंतीचं शिखर कुठे घ्यायचं? मूल पट्टीने मधोमध घेतं आणि छप्पर जवळच्या कोपऱ्याकडे लोटल्यासारखं दिसतं. भिंतीच्या चौकोनाचे कर्ण काढायचे, ते जिथे छेदतात तिथून उभी रेघ वर न्यायची. दूरची अर्धी भिंत आकसलेली असते म्हणून खरा मध्य पट्टीच्या मध्यापेक्षा पलीकडे असतो. एकदा हे बसलं की दारं, खिडक्या, कमानी सगळ्यांना लागू. कौलं मात्र एकेक काढायची नाहीत: वळचणीची कड आणि उन्हातल्या दोनचार ओळी, बाकी डोळा भरून घेतो.

चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींनी या गावात समोर बघून काढण्याची शिस्त रुजवली; इथेच जन्मलेले चित्रकार रवी परांजपे (१९३५-२०२२) त्यांच्याच हाताखाली घडले. हा वर्ग त्या वळणावरचा आहे एवढं खात्रीने म्हणता येतं.

फेब्रुवारीतलं अक्षरलेखन या भागाखेरीज दुसरीकडे असं मिळणार नाही. एकच शब्द दोन लिप्यांत, एकाच पाटीवर. देवनागरी शिरोरेघेला लोंबते. कन्नड अक्षरं गोल, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टू ही छोटी सुटी रेघ, अखंड रेघ नाहीच, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग (ओत्ताक्षर) खाली उतरतो. दोन्हींना एकाच उंचीच्या दोन रेघांत बसवलं की कन्नड चिरडतं किंवा मराठी मोठं दिसतं. म्हणून आधी कन्नडच्या खालच्या ओत्ताक्षरांसाठी अर्ध्या अक्षराची जागा सोडायची, मग अंगाची उंची ठरवायची. कर्नाटकात दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो, तेव्हा गावातल्या रंगाऱ्यांना हा हिशेब रोजचा. बोरूची खाप इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबच्या उलट दिशेने तिरकी हवी. बाजारातला तयार निब देवनागरीला वापरला की जाड-बारीक नको तिथे येतं, आणि मुलाला वाटतं आपला हात वाईट. पोस्टर कलर दुधाइतका पातळ. त्याहून पातळ झाला की कडा फुटतात.

लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापणं, दोनच रविवारांचा आणि घाईघाईचा. लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवला की मऊ होतो, हे सांगितलं. धरलेला हात नेहमी पात्याच्या मागे, हेही. पण अक्षरं उलटी कोरायची हे छापल्यावर कळलेली मुलं निम्मी होती. ट्रेसिंग पेपर पालथा घालून घासायला पाच मिनिटं लागतात, ती द्यायला हवी होती. शाईही बेसुमार: रोलरखाली चिकट आवाज यायला लागला की थांबायचं, त्यापुढे बारीक रेघा बुजतात.

आता वहीतल्या महिन्याच्या पानाबद्दल, कारण वर्गाचा जीव तिथे आहे. दर महिन्याअखेर तीन ओळी: काय चुकलं, कशामुळे, पुढच्या वेळी काय वेगळं करणार. 'छान जमलं' लिहिलेलं पान परत येतं. 'सावली चुकली' हेही परत येतं. 'पडछाया बुडाला चिकटलेली नाही म्हणून तांब्या तरंगतो' हे चालतं. जून ते एप्रिलची ही अकरा पानं सलग वाचली की मूल कुठे पोचलं ते कळतं, आणि बहुतेक वेळा ते चित्रांवरून वाटतं तिथे नसतं. ज्याची चित्रं सुबक त्याच्या वहीत अकरा महिने तीच तक्रार, 'वेळ पुरला नाही'. ज्याची चित्रं अजून ओबडधोबड त्याची चूक दर महिन्याला बदललेली: जुलैत आकार, सप्टेंबरात जोड, नोव्हेंबरात पाणी, जानेवारीत मध्य. दुसरं मूल पुढे गेलंय. पालकसभेत मात्र भिंतीवर चित्रंच लावतात, वह्या कपाटात. ही आमची मोठी तक्रार.

दुसरी तक्रार परीक्षांची. काही मुलं चित्रकलेच्या कर्नाटकातल्या लोअर-हायर ग्रेड परीक्षांना बसतात, काहींच्या पालकांचं मन महाराष्ट्राच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटकडे. दहावीला मिळणारे वाढीव गुण हे महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीचे आहेत, हे प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवं, सांगत नाहीत. आणि परीक्षा जवळ आली की स्मरणचित्राचे ठरावीक तीन विषय घोकून घेतात: बाजार, बसथांबा, पाण्याचा नळ. त्या आठवड्यांची वहीतली पानं सगळ्यांची सारखी दिसतात.

तिसरी: वेळ संपत आली की सहायक मुलाच्या कागदावर स्वतः ब्रश चालवतात. दुरुस्ती शेजारच्या चिठोऱ्यावर करून दाखवायची असते. नेमकी चूकच पुसली गेली तर महिन्याच्या पानावर लिहायचं काय? मोठ्या सरांना सांगितल्यावर ते बंद झालं. मार्चमध्ये परत सुरू झालं.

खोली पश्चिमेची, दुपारनंतर उजेड फिरतो, म्हणून शक्यतो रविवारची बॅच घ्या. महिन्याची फी हजाराच्या आत. साहित्यासाठी यादीतला मोठा रंगसंच टाळून दहा सुट्या ट्यूबा घ्या, सिंथेटिक राउंड ब्रश ४, ८ आणि १२ नंबर, एक इंची फ्लॅट. पॅलेटऐवजी पांढरी चिनी मातीची बशी चांगली. प्लास्टिकवर पाणी थेंबाथेंबाने गोळा होतं आणि मिश्रणाचा खरा रंग दिसत नाही.

प्रवेश मेच्या अखेरीस. पहिल्या दिवशी तांब्या घरून आणायला सांगतात. स्टीलचा नेऊ नका, त्यात सगळी खोली दिसते आणि नवख्याला गोलाई सापडत नाही. जुना, जरा काळवंडलेला पितळेचा द्या. आणि मूल जाणार म्हणून आदल्या रात्री चिंचेने घासून लख्ख करू नका.